कोरे परत येणारे बूट

अलगदने आयुष्यात इतके गोल केले की मोजणाऱ्यांनी मध्येच मोजणं सोडून दुसरी नोकरी धरली. कपाळाने केले, कानाने केले, खांद्याने, बरगडीने, गुडघ्याने केले. एक तर शिंकताना केला. शिंक आली, मान झटक्यात पुढे गेली, आणि चेंडू नेमका तेव्हाच तिथून चालला होता. ह्यात खोटं वाटण्यासारखं काही नाही. शिंक कुणालाही येते. अडचण एवढीच होती की एवढ्या ढीगभर गोलांत पायाने, म्हणजे बुटाने मारलेला गोल एकही नव्हता. गुडघ्याच्या खाली त्याच्या नावावर काहीच जमा नव्हतं.

आणि बाप बूट शिवणारा.

बापाला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. गल्ली कारागिरांची. कुलूपवाला, शिंपी, छत्रीवाला, उस्ताद, आणि उस्तादांच्या समोर माझं घड्याळांचं दुकान. गल्लीत एक रीत होती. प्रत्येकाने दुकानाच्या दर्शनी काचेत आपल्या हातची एकच वस्तू मांडायची, आणि तीही नवी नाही, वापरून परत आलेली. नवी वस्तू कोणीही चकचकीत करून ठेवील. ती जगात जाऊन काय दिवे लावते, ते बघायचं.

कुलूपवाल्याच्या काचेत एक कुलूप होतं. ते उघडता उघडता एक चोर थकून दारातच झोपला आणि सकाळी घरमालकाने त्याला उठवून चहा पाजला. शिंप्याकडे एक कोट होता, तो घालून एकाच माणसाने तीन लग्नं केली, तिन्ही स्वतःचीच. छत्रीवाल्याची छत्री वादळात मालकासकट उडाली आणि तिने मालकाला थेट सासरच्या अंगणात उतरवलं. छत्रीची एक काडीसुद्धा वाकली नव्हती. मालकाचं तसं सांगता येत नाही. माझ्या काचेत काय होतं, हा विषय वेगळा.

उस्तादांच्या काचेत मखमल लावलेला एक लाकडी ठोकळा होता आणि त्याच्यावर काही नव्हतं. पूर्वी तिथे एका पोस्टमनचा बूट असे. तीन कुत्र्यांनी चावून सोडलेला, तरी टाक्याला टाका धरून. पण पोरगा फुटबॉलच्या संघात घेतला गेला त्या दिवशी उस्तादांनी स्वतःच्या हाताने तो बूट उतरवला आणि सगळ्या गल्लीदेखत सांगितलं, "आता इथे माझ्या पोराने गोल मारलेला बूट बसणार."

"नुसता पायात घातलेला की गोल मारलेला?" शिंप्याने विचारलं. शिंपी माणूस, कापण्याआधी दोनदा मोजतो.

"मारलेला," उस्ताद म्हणाले.

तेवढा एक शब्द गिळला असता तर पुढची सगळी वर्षं सुखाची गेली असती. पण गल्लीत बोललेला शब्द परत घ्यायची सोय नव्हती.

आता पोराला पायाने गोल का मारता येत नव्हता, ते सांगतो. मला ते पुष्कळ उशिरा कळलं, पण तुम्हाला ताटकळत ठेवण्यात मला रस नाही.

नवा बूट चावतो, हे जगजाहीर आहे. उस्तादांचा बूट चावत नसे. गावोगावचे लोक म्हणायचे, उस्ताद चामड्यात काहीतरी मंतरतात. मंतरत बिंतरत काही नव्हते. बूट तयार झाला की गिऱ्हाइकाच्या आधी तो पोराच्या पायात जाई. पोराने ओले मोजे घालायचे, त्यावर तो बूट चढवायचा आणि दुकानाच्या दारापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत आणि परत, असं चालत राहायचं, बूट नरम होईपर्यंत. पाय लहान पडला तर मोज्यांवर मोजे. पाय मोठा झाला तेव्हा काय करत, म्हणाल तर त्या पोराच्या पायाला मापच नव्हतं. जो बूट समोर येईल त्याच्याएवढा पाय होई. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चष्मा नसताना पाहिलं, पण पाहिलं.

नियम एकच. बुटाचं टोक कशालाही लागता कामा नये. उंबऱ्याला नाही, खुर्चीच्या पायाला नाही, मांजराला तर नाहीच. टोकाला ओरखडा म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडावर ओरखडा, असं उस्ताद म्हणत. हातातली आरी न थांबवता, मान वर न करता ते कानांनी पोरावर लक्ष ठेवून असत, आणि पाय जरा वाकडा पडतोय असं वाटलं की ओरडत, "टोक!"

ओरडण्याने भागलं तर ठीक. टोक लागलंच, तर पोराच्या कानाखाली लागे.

ह्याचा परिणाम असा झाला की पोरगा चाललेला जमिनीलासुद्धा कळेनासा झाला. घरचं मांजर त्याच्याकडे बघून बघून चालायला शिकलं. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, चुलीवरचं भांडं घेऊन वळल्या की हा मागे उभा. "अरे, पाय वाजवत ये रे मेल्या! एक दिवस भाजशील माझ्या हातून." तेव्हापासून त्याचं नाव अलगद पडलं. रस्त्यात रिकामा डबा दिसला की जगातलं कुठलंही पोर त्याला लाथ हाणतं. हा पोरगा डब्याला वळसा घालून जायचा, वडीलधाऱ्या माणसाच्या पुढून जावं तसा. पायात कधी न्यायाधीशांचे बूट, कधी हेडमास्तरांचे. लाथ मारणार कशी?

पहिला गोल झाला त्या दिवशी पायात हेडमास्तरांचेच बूट होते. घरात पाहुणे आले म्हणून पोरगा बूट नरम करायला शाळेच्या मैदानावरून फेऱ्या मारत होता. मैदानावर सामना चालू होता. हा आपला टोक सांभाळत, खाली मान घालून चाललेला. चेंडू आला, त्याच्या कानाला लागला आणि गोलात गेला. गावच्या क्लबचा कोच बाजूला उभा होता. ह्या कोचचा घसा ओरडून ओरडून कायमचा गेलेला होता. त्याला प्रेमाने बोलायचं असलं तरी करवत घासल्यासारखा आवाज निघे.

"ह्याला कोणी अडवलं का नाही?" त्याने बचाव करणाऱ्या पोरांना विचारलं.

"सर, हा आला कधी?"

कोचने पोराला पायापासून कानापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "असाच माणूस हवाय मला."

संध्याकाळी वहिनींनी घरी येऊन बातमी दिली. वहिनी रेल्वेच्या पार्सल कचेरीत कामाला होत्या. तिथे माल कुणाचा हे ठरून त्याच्यावर नावाची चिठ्ठी चिकटल्याशिवाय पेटी जागची हलत नसे. ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती.

"अहो, ऐकलंत का? पोराने गोल मारला. कानाने."

"कानाने? मग पायात बूट कशाला होते?"

"ते तुमचं तुम्ही बघा. कान माझ्या माहेरचा आहे. माझ्या वडिलांचे असेच पुढे आलेले होते. हा गोल माझ्याकडे लावा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे माल कुणाचा? कान मी दिला, गोल माझा. बूट तुमचा. बुटाने गोल झाला की तो तुमचा. मी कधी कुणाच्या पार्सलवर हात टाकलाय का?"

उस्ताद हसले. पहिलाच गोल होता, त्यामुळे हसू येणं साहजिक होतं.

त्यानंतर कपाळाचा झाला, वहिनींनी तो आपल्याकडे लावला. खांद्याचा झाला. खांदा तुमच्यासारखा आहे, असं उस्तादांनी म्हणून पाहिलं, वहिनी म्हणाल्या, "सारखा असेल, पण पाठवला मी." पोरगा गावच्या क्लबातून मोठ्या क्लबात गेला, तिथून त्याहून मोठ्या. वर्तमानपत्रात फोटो येऊ लागले. सगळ्या फोटोंत तो जमिनीवर पडलेला नाहीतर हवेत आडवा दिसे, आणि बूट चकाकत असत.

त्याची कला काय होती, ते शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहिलं. मी साध्या शब्दांत सांगतो. बचाव करणारा माणूस अर्धा डोळ्यांनी आणि अर्धा कानांनी खेळतो. मागून कोण येतंय ते पावलांवरून कळतं. अलगदची पावलं वाजतच नसत. तो गोलासमोर जाऊन उभा राहायचा, एखादा नातेवाईक लग्नात न बोलावता येऊन उभा राहावा तसा, आणि चेंडू येऊन त्याला लागायचा. लोकांनाही ते उमगलं होतं. इतर खेळाडूंच्या नावाने मैदान गर्जतं. ह्याच्या पायाजवळ चेंडू येऊ लागला की सगळं मैदान ओठांवर बोट ठेवून "श्श्श" करायचं. कुजबुजून मारायची अशी ती जगातली एकच आरोळी. एकदा तर एवढी शांतता पसरली की समोरच्या गोलकीपरला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं आणि घरी गॅस चालू राहिल्याची आठवण झाली.

स्ट्रेचरवरचा गोल तुम्हाला माहीत असेलच. गुडघा दुखावला म्हणून त्याला आडवा घालून नेत होते. नेणारे दोघे नवखे, गोलासमोरून निघाले. खेळ थांबवायचा राहून गेला होता. चेंडू आला, अलगदच्या पोटावर टप्पा पडला आणि आत. विरोधी संघाने हात वर करून गलका केला. रेफरीने खिशातलं नियमांचं पुस्तक काढून उभ्या उभ्या वाचलं. निजलेल्या माणसाने गोल करू नये असं त्यात कुठेही नव्हतं.

"पोट," वहिनी म्हणाल्या. "पोट तर पुरतं माझंच. मीच भरलंय ते."

उस्ताद त्या दिवशी हसले नाहीत.

प्रत्येक मोसमाला ते पोराला बुटांचा नवा जोड शिवून देत. मोसम संपला की जुना जोड घरी येई. उस्ताद तो उजेडाकडे धरत. तळ झिजलेला, टाच एका बाजूला बसलेली, खिळे बोथट, नाड्यांना चिखल. आणि टोक? टोकात तोंड दिसे. दुकानातून गेलं तेव्हा दिसत होतं, त्याहून स्वच्छ. उस्ताद ते तोंड बराच वेळ बघत आणि मग जोड फडताळात ठेवून देत. फडताळ भरत चाललं. ठोकळ्यावरची मखमल विटत चालली, ती त्यांनी दोनदा बदलली.

गल्ली काही गप्प बसणारी नव्हती. छत्रीवाला येता-जाता म्हणायचा, "उस्ताद, पुढच्या मोसमाला बूट नका, टोपी शिवा. गोल तिथून होतात." शिंपी म्हणायचा, "काचेत वहिनींना बसवा. गल्लीची रीतही राहील, बसायला मखमलही आहे." उस्ताद तोंडात खिळे धरून काम करत. तोंडात खिळे असले की उत्तर द्यावं लागत नाही, हा त्या धंद्याचा मोठा फायदा.

एकदा तो घसा बसलेला कोचच दुकानात आला. तोही एव्हाना मोठ्या क्लबात गेला होता, घसा मात्र तोच.

"काका, तुमचं पोरगं सोनं आहे. पास देतो, बुटाच्या आतल्या बाजूने. चेंडू अडवतो, तळव्याने. पण गोलासमोर मोकळा चेंडू आला, लाथ मारायची वेळ आली, की पाय असा मागे घेतो, जणू समोर चेंडू नाही, तापलेली इस्त्री आहे. का, ते सांगत नाही. तुम्ही बाप आहात, जरा विचारून बघा."

उस्तादांनी तोंडातले खिळे काढले. "म्हणजे बूट चावतोय म्हणता?"

"नाही हो काका, मी कुठे—"

"माझा बूट चावत नाही."

"अहो, बुटाचं नाही म्हणत मी, पायाचं—"

"पाय हिच्याकडचा आहे," उस्ताद म्हणाले, "आणि ती आत्ता कचेरीत गेलीये." खिळे पुन्हा तोंडात गेले. कोच बिचारा चहा पिऊन गेला.

स्ट्रायकरचं म्हातारपण लवकर येतं. ज्या वयात इतरांना नोकरीत कायम करतात, त्या वयात ह्याला भाषण ठोकून घरी पाठवतात. अलगदचे गुडघे बोलू लागले. पावलं वाजत नव्हती, पण गुडघे वाजायचे, आणि बचाव करणाऱ्यांना तेवढं पुरे होतं. मोठ्या क्लबाने हात जोडले. शेवटचा मोसम खेळायला तो गावच्या क्लबात परत आला, आणि शेवटचा सामना गावच्याच मैदानावर ठरला.

त्या दिवशी सकाळी तो नवा जोड न्यायला दुकानात आला. मी तिथेच होतो. माझ्याकडे गिऱ्हाईक नसलं की मी समोरच असायचो, म्हणजे बहुतेक वेळ. उस्तादांनी जोड कापडातून काढला. तसे बूट मी पुन्हा पाहिले नाहीत. काळेभोर, टाका दिसत नव्हता, टोक असं की त्यात बघून भांग पाडावा. उस्तादांचे हात आता थरथरत. हा जोड त्यांनी कसा शिवला असेल, ते हातांनाच ठाऊक.

त्यांनी बूट पोराकडे दिले नाहीत. हातात धरून बुटांकडे बघतच विचारलं, "एकदाच विचारतो. माझ्या बुटात काय कमी होतं?"

"काही नाही, बाबा."

"मग?"

पोरगा गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. एवढा मोठा बाप्या, पण त्या स्टुलावर बसला की दहा वर्षांचा दिसायचा.

"हसणार नाही?"

"मी हसणं सोडलंय. पोटाच्या गोलापासून."

"चेंडू समोर येतो, बाबा. गोलकीपर पडलेला असतो. एक लाथ पुरे असते. मी पाय मागे घेतो, आणि तुमचा आवाज येतो."

"माझा? मी तर कधी मैदानावर आलोसुद्धा नाही."

"टोक!" पोरगा म्हणाला. हुबेहूब बापाच्या आवाजात. मागच्या खोलीतलं मांजर उठून बाहेर गेलं, आणि ते त्या मूळ मांजराचं नातवंड होतं. "तसं ऐकू येतं. आणि मग कानाखाली गरम होतं."

"अजून?"

"अजून."

आतल्या दारात वहिनी येऊन उभ्या होत्या. हातात ओला टॉवेल होता. एरवी त्यांनी तिथल्या तिथे चूक कुणाची हे ठरवून चिठ्ठी चिकटवली असती. आज त्या नुसता टॉवेलच पिळत राहिल्या.

उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बूट मांडीवर घेतला. मग बाजूची कानस उचलली, तळाचं चामडं घासायची, जाड दातांची, आणि बुटाच्या टोकावर ओढली.

असा आवाज मी कधी ऐकला नाही. मी घड्याळवाला आहे, बारीक आवाज ऐकण्यात जन्म गेला.

"बाबा, नको!" पोरगा उठला.

"बस खाली."

एका बुटाचं टोक झालं, मग दुसऱ्याचं. उभं घासलं, आडवं घासलं. सगळी चमक गेली, खालचं भुरं चामडं वर आलं. उस्तादांचं नाक वाहत होतं. चामड्याची धूळ नाकात जाते, असं ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही बूट पोराच्या हातात दिले.

"घे. आता ओरखडा पडायला जागाच ठेवली नाही. मार जा."

सामन्याला सगळी गल्ली लोटली. उस्ताद आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आले. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी, मागे शिंपी, कुलूपवाला, छत्रीवाला. छत्रीवाल्याने छत्री आणली होती. आभाळ स्वच्छ होतं, पण माणसाला आपल्या धंद्यावर विश्वास असावा लागतो.

खेळ फारसा सांगण्यासारखा नव्हता. दोन्ही संघ एकमेकांना दमवत होते. अलगद इकडे तिकडे हिंडत होता आणि त्याचे गुडघे वरपर्यंत ऐकू येत होते. शेवटी शेवटी आपल्या एका पोराने कोपऱ्यातून चेंडू आत घातला. त्यांचा गोलकीपर पुढे झेपावला, घसरला आणि पालथा पडला. चेंडू घरंगळत येऊन अलगदच्या पुढ्यात थांबला. गोल मोकळा. मैदानभर "श्श्श" झालं.

अलगदने पाय मागे घेतला.

माझ्या बाजूला उस्तादांचं तोंड आपोआप उघडलं. "टो—" एवढं बाहेर आलं, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर स्वतःचा हात दाबून धरला. आणि डोळे घट्ट मिटले. चामड्यावर घाव बसताना बघणं त्यांना जमणारच नव्हतं.

मी डोळे मिटले नाहीत. म्हणून पुढचं मला सांगता येतं.

अलगदने लाथ मारली. आयुष्यातली पहिली. मोठ्या कपाटाचं दार वाऱ्याने आपटावं तसा आवाज झाला. चेंडू बुटाच्या टोकावरून सुटला तो सरळ वरच्या आडव्या खांबावर. खांब इतका थरथरला की दुसऱ्या दिवशी दुपारी माळी त्याच्यावर हात ठेवून उभा होता, तेव्हा कुठे थांबला. चेंडू उलटा फिरला.

दुसरा कुणीही स्ट्रायकर असता तर चेंडूमागे धावला असता. पण हा उस्तादांच्या दुकानात वाढलेला. बुटाला काही लागलं की आधी काय करायचं? टोक तपासायचं. टोक तपासायचं कसं? उजेडाकडे वळून. ऊन गोलाच्या उलट बाजूने येत होतं. अलगद गोलाकडे पाठ करून वळला, वाकला आणि बुटाला कितपत लागलंय ते बघू लागला. खांबावरून आलेला चेंडू मागून येऊन त्याच्या बुडावर आदळला, तिथून परत फिरला, आणि पालथ्या गोलकीपरच्या अंगावरून सावकाश, अगदी अलगद, आत गेला.

मैदान दणाणलं. टोप्या उडाल्या. छत्रीवाल्याने छत्री उघडली.

"गेला?" उस्तादांनी डोळे मिटूनच विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. खाली सगळे पोराला खांद्यावर घेऊन नाचत होते. "कशाने?"

मी शिंप्याकडे बघितलं. शिंप्याने कुलूपवाल्याकडे बघितलं. कुलूपवाल्याच्या तोंडाला त्याच्याच दुकानातलं काहीतरी लागलं. छत्रीवाला आभाळ बघत होता.

"अगं, कशाने गेला?" उस्ताद आता वहिनींकडे वळले.

वहिनींच्या आयुष्यातला सगळ्यात बिनतोड गोल होता तो. कान, कपाळ, खांदा ह्यांवर एखाद्याने वाद घातला असता. ह्या मालाबद्दल कुठल्याही पार्सल कचेरीत दुमत झालं नसतं. वहिनींनी उस्तादांकडे बघितलं. उस्तादांच्या नखांत अजून सकाळची चामड्याची धूळ होती.

"बुटाने," वहिनी म्हणाल्या. "तुमचा."

"खरं सांग."

"अहो, इतक्या वर्षांत मी माझा एक तरी गोल तुम्हाला दिलाय का?"

उस्तादांनी विचार केला. कानापासून पोटापर्यंत सगळे आठवून पाहिले. मग त्यांची मान हलली. "नाही," ते म्हणाले. "ते खरंय. तू नाही द्यायचीस." आणि ते खाली बसले.

आमच्या गल्लीत कुणाचं कुणाशी पटत नाही. नळाच्या पाण्यावरून शिंपी आणि कुलूपवाला वर्षानुवर्षं बोलत नाहीत. पण त्या संध्याकाळी सगळ्यांचं एका वाक्यात ठरलं: गोल बुटाने झाला. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र गल्लीत आलंच नाही. पेपरवाल्याला छत्रीवाल्याने कोपऱ्यावर थांबवून सगळा गठ्ठा छत्र्या गुंडाळायला घेतला. मैदानाच्या समोर राहणाऱ्यांनी, रेडिओवाल्याने, त्या रेफरीनेसुद्धा, उस्ताद दिसले की बुटाची तारीफ केली. गोलकीपर पालथाच होता, त्याला काय विचारणार?

अलगद घरी आला, त्याने बूट बापाच्या हातात दिले आणि आईकडे बघितलं. आईने भुवई वर केली. पार्सल कचेरीत ह्याचा अर्थ, शिक्का मारून झालाय, आता उघडायचं नाही.

उस्तादांनी उजवा बूट उजेडाकडे धरला. कानशीच्या भुऱ्या रेघांवरून एक गोलसर पांढरा डाग उमटला होता. चेंडूचा रंग.

"लागलाय," ते म्हणाले.

"लागला, बाबा," पोरगा म्हणाला. आणि हे तर शंभर टक्के खरं होतं.

बूट मखमलीवर बसला. गल्लीतल्या सगळ्या काचांमधली ती सगळ्यात कुरूप वस्तू होती आणि लोक तीच बघायला थांबायचे. अलगद आता दुकानात बापाच्या शेजारी बसतो. रस्त्यात डबा दिसला की लाथ मारतो आणि लगेच वळून, वाकून टोक बघतो. त्या वेळी त्याच्या मागून जाणारे लोक जरा अंतर ठेवून जातात.

पहिले काही दिवस उस्ताद कुणालाही सांगत, "बूट माझा." मग एकदा, माझ्यासमोर, ते वहिनींकडे बघून म्हणाले, "बूट माझा, पण आत पाय होता म्हणून. पाय हिचा. अर्धा गोल हिचा धरा."

मला वाटलं, वहिनींच्या डोळ्यांत पाणी येईल. वहिनींनी भाजी चिरायची थांबवली.

"अर्धाच कसा? बूट नसला तरी पाय असतो. पाय नसला तर बूट काय करील?"

"अगं, पण मारला बुटाने!"

"उचलला कुणी? पायाने. पाय हलवला कुणी? गुडघ्याने. गुडघा आधीच माझ्याकडे लावलेला आहे."

पूर्ण दिलेला गोल वहिनींनी असा तुकड्या-तुकड्याने परत न्यायला सुरुवात केली. आधी तळवा गेला, मग टाच, मग नाड्या, कारण नाड्या बांधायला त्याला वहिनींनी शिकवलं होतं. परवा मी विचारलं, तेव्हा उस्तादांच्या वाट्याला फक्त टोक उरलं होतं. ते मात्र ते सोडायला तयार नाहीत.